चिटणीस घर पाहायला आले

रूपचंदला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून नवलसिंग गुरुजींनी अर्जाचा कागद आणला आणि पहिल्याच रकान्यावर घोडं अडलं. रकाना होता, ‘पालकाची आर्थिक स्थिती’. गुरुजींनी टाक दौतीत बुडवून ‘नादार’ हा शब्द लिहायला घेतला, तेवढ्यात रूपचंदच्या वडिलांनी, म्हणजे भिला पाटलांनी, त्यांचं मनगट धरलं.

“गुरुजी, नादार कसाले लिखतस? मी कोनापुढे हात पसारा नही.”

ही १९३४ सालची गोष्ट. नंदुरबारपासून पाच कोसांवर, तापीच्या अलीकडच्या काठावर भिला पाटलाचं गाव. आठ बिघे कोरडवाहू, एक बैलजोडी, दोन खणांचं मातीचं घर. वर्षाचं वर्षाला भागायचं, शिल्लक काही राहायचं नाही. पण गावात चार माणसांत भिला पाटलाचा शब्द मोठा होता आणि त्या शब्दावरच तो ताठ मानेनं चालत असे. रूपचंद त्याचा एकुलता एक मुलगा. त्या साली तो मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झाला होता. गावातून मॅट्रिकपर्यंत दोघंच पोचले होते. दुसरा शेजारच्या रतिलाल पाटलाचा छगन. तो तिसऱ्या वर्गात पास झाला, आणि या निकालाचं सगळ्यात जास्त आश्चर्य छगनलाच वाटलं होतं.

गुरुजींनी भिलाला शांतपणे सगळं समजावून सांगितलं. पुण्याला राहायचं, खायचं, पुस्तकं, फी, सगळं मिळून महिन्याला तीस रुपये लागणार. नादारी मिळाली तर कॉलेजची निम्मी फी माफ होते. धुळ्याला एक विद्यार्थी साहाय्यक निधी आहे, तो गरिबांच्या मुलांना महिन्याला पंधरा रुपये देतो, चार वर्षं. उरलेलं रूपचंद शिकवण्या करून भागवील. पण हे सगळं त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

“नादार म्हंजे भिकारी नही, भिला जिभाऊ,” गुरुजी म्हणाले. “फीना पैसा नहीत, इतलाच अर्थ.”

भिला बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो शब्द कुठं बसणार ती जागा त्यानं ओळखून ठेवली होती. शेवटी तडजोड झाली आणि त्या जागी ‘मध्यम’ असं लिहिलं गेलं. गुरुजींकडे एक अर्ज जास्तीचा होता. तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी छगनच्या नावानं भरला. रतिलालनं काय आहे ते न विचारता गुरुजींनी बोट ठेवलं तिथं सही केली. त्याच्या उत्पन्नाचा नक्की आकडा गुरुजींना ठाऊक नव्हता, म्हणून स्थितीचा रकाना त्यांनी कोराच सोडला.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून पत्र आलं. ‘मध्यम’ या शब्दाचा नीट बोध होत नाही आणि दुसऱ्या अर्जात स्थितीच लिहिलेली नाही. तरी निधीचे चिटणीस स्वतः येऊन दोन्ही घरांची पाहणी करतील.

पत्र गुरुजींनी चावडीपुढे वाचून दाखवलं. ‘पाहणी’ या शब्दाचा अर्थ गावानं आपल्यापरीनं लावला. धुळ्याचा मोठा माणूस आपल्या गावात, भिला पाटलाच्या घरी येणार आहे. त्याला काय दिसेल? फुटकी घागर, दोरी तुटलेली बाज आणि पाहुण्याला पाणी द्यायला एकुलता एक पितळी गडवा. गावाची मान खाली जाईल. गुरुजी त्या आठवड्यात नंदुरबारला तपासणीच्या कामात अडकले होते, त्यामुळं गावाला थांबवणारं कुणी नव्हतं.

पुढाकार घेतला रतिलालनं. रतिलाल जातीनं गुजर, साठ बिघ्यांचा बागायतदार, केळी आणि ऊस पिकवणारा, पण मनानं अगदी मोकळा. त्यानं त्या उन्हाळ्यात घर नवं बांधायला काढलं होतं. पुढची भिंत पाडलेली, आणि सगळा संसार मागच्या पडवीत आणून ठेवलेला. त्या पडवीतून त्यानं शिसवी पलंग उचलला, गाद्या, तक्के, दोन खुर्च्या, पितळी समया, तांब्याचे हंडे, काशाची ताटं, सगळं भिलाच्या घरी पोचतं केलं. बाकीच्या घरांनीही आपापल्या परीनं भर घातली. रतिलालची बायको सुगंधाबाई पहाटेपासून भिलाच्या चुलीशी बसली. रूपचंदच्या अंगावर छगनचं नवं धोतर आणि कोट चढला. तो नको म्हणत होता, पण छगननंच त्याला जबरदस्तीनं घातला.

रूपचंदची आई धनुबाई हे सगळं येताना पाहत होती. दुपारी तिनं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, “इतलं देखीसन तो पैसा देई का?”

“पाहुना शे तो,” भिला म्हणाला. “पाहुनाले काय फुटेल घागर दखाडू?”

चिटणीस आले ते मोटारनं नंदुरबारपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं, उन्हानं पार लाल होऊन. स्वभावानं सज्जन गृहस्थ. निधीचा एक पैसाही अपात्र माणसाकडे जाऊ नये याची त्यांना रात्रंदिवस काळजी असे. ते पलंगावर टेकले. खापरावरचे मांडे, आमरस, तूप, चार भाज्या असं जेवले. गुरुजी धापा टाकत पोचले ते नेमके हात धुण्याच्या वेळी. त्यांनी घरावरून एक नजर फिरवली आणि मटकन खाली बसले.

ओटीवर गावातली वीसेक माणसं दाटीनं बसली होती. चिटणीसांनी वही उघडली आणि सरळ विचारलं, “पाटील, स्पष्ट सांगा. मुलाचा खर्च तुम्हाला झेपेल, की अडचण आहे?”

भिलाला काय सांगायचं ते ठाऊक होतं. आदल्या आठवडाभर त्यानं शेतात ते बैलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं. पण समोर वीस माणसं बसली होती आणि पाहुण्याच्या हाताला अजून त्याच्या घरच्या तुपाचा वास होता. दाराआड धनुबाई कान देऊन उभी होती. त्या काळात परक्या पुरुषासमोर येऊन बोलण्याची रीत नव्हती. रूपचंदनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

“देवनी किरपा शे,” भिला म्हणाला. “काही कमी नही.”

गुरुजींनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण चिटणीसांनी वही मिटली होती. दुसरं घर मी एकटाच पाहतो, असं ते म्हणाले. न सांगता गेलं की खरं दिसतं, हा त्यांचा अनुभव होता.

रतिलालच्या घराची पुढची भिंत पडलेली होती. चिटणीस विटांच्या ढिगाऱ्यावरून वाट काढत मागच्या पडवीत गेले. तिथं ना भांडं, ना अंथरूण. जुना विटका पंचा नेसलेला छगन पोत्यावर बसून कालची भाकरी ठेच्याशी खात होता, कारण घरात चूल पेटलीच नव्हती. चिटणीसांना पाहून तो उठला आणि मडक्यातलं पाणी नारळाच्या करवंटीतून पुढं केलं. दुसरं काही जवळ नव्हतंच.

“घरात भांडी दिसत नाहीत?” चिटणीसांनी विचारलं.

“उचली लई गयात. गावना लोके,” छगननं सांगितलं.

“वडील कुठं आहेत?”

“भिला पाटीलना घर वाढाले गयात.”

“आणि आई?”

“ती पहाटपासून तठेच पुरन वाटी ऱ्हायनी.”

छगन खोटं बोलणारा मुलगा नव्हता आणि त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही. चिटणीस ते करवंटीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, त्यांनी डोळे पुसले आणि ते तिथूनच गाडीत बसले.

महिन्याच्या आत निकाल आला. छगन रतिलाल पाटील, शिष्यवृत्ती मंजूर, चार वर्षं. रूपचंद भिला पाटील, कुटुंब सधन असल्यामुळे अर्ज नामंजूर.

रतिलालनं पत्र ऐकलं आणि त्याला दोन दिवस अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गुरुजींना घेऊन धुळ्याला गेला. घाईत निघाला होता, वाटेत गाडीचं चाक निसटल्यामुळं कपडे चिखलानं माखले होते. चिटणीसांनी त्याला आदरानं बसवलं. रतिलालनं सांगितलं की माझं साठ बिघे बागायत आहे, केळी आहे, ऊस आहे, गडी आहेत. चिटणीस ऐकत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची कणव वाढतच गेली.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “तुमच्यावर कुणाचा दाब आहे ते मला समजतं. तुमच्या घरची भांडी उचलून नेली, हे मुलानं मला सांगितलंय.”

“साहेब, ती मीच धाडी व्हतात.”

चिटणीसांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गुरुजींनी सगळी हकिकत सांगितली, तेव्हा चिटणीस त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहू लागले, की हाही त्या बड्या पाटलाचाच माणूस. छगननं रक्कम नाकारली तर ती यादीतल्या पुढच्या, चोपड्याच्या विद्यार्थ्याला जाईल. रूपचंदचं नाव यादीतच नाही, एवढंच त्यांनी शेवटी सांगितलं.

धुळ्याहून परतला त्याच संध्याकाळी रतिलाल भिलाच्या ओटीवर येऊन बसला. रूपचंदचा चार वर्षांचा खर्च मी करतो, असं तो म्हणाला. आवाज असा होता की जणू तोच काही मागायला आला आहे. भिलानं त्याच्यापुढं पाण्याचा गडवा ठेवला. मग म्हणाला, “भांडा आनात, परत दिधात. पोऱ्यानं शिक्षन परत कसं देऊ?”

आत धनुबाईनं भाकरी थापायची थांबवली. त्या रात्री ती जेवली नाही आणि पुढं कित्येक दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

छगनला पुण्याला जायचं नव्हतं. पण मंजूर झालेली जागा वाया जाऊ नये असं रूपचंदनंच त्याला पटवलं. नंदुरबार स्टेशनवर दोघं गेले. ज्याला जायचं होतं तो पोचवायला आला होता आणि ज्याला जायचं नव्हतं तो डब्यात बसून रडत होता. गाडी हलली तेव्हा रूपचंदनं त्याला पुण्याच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातले ग्रंथालयाचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली होती. ते अर्धेच राहिले.

रूपचंदला खापर गावच्या शाळेत मास्तरकी मिळाली, पगार पंधरा रुपये. छगन त्याला पुण्याहून पुस्तकं पाठवी. मला यातलं काही कळत नाही, तू वाच आणि मला सोप्या भाषेत लिहून धाड, असं प्रत्येक पार्सलात लिहिलेलं असे. पुस्तकांची पानं कडेनं कापलेलीही नसत. रूपचंद शाळा सुटली की चाकूनं एकेक पान मोकळं करून वाची आणि लांबलचक पत्रं लिही. एवढं करूनही छगन पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. निधीनं नियमाप्रमाणं पुढची रक्कम थांबवली आणि तो आनंदानं केळीच्या बागेत परत आला. पुस्तकं येणं बंद झालं.

त्या दिवाळीला रूपचंद घरी आला असताना धुळ्याहून एक पत्र आलं. नाव भिला पाटलाचं होतं. निधीकडे आलेला पैसा अपुरा पडत असून, आपल्यासारख्या सधन व विद्याप्रेमी गृहस्थांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी यथाशक्ति देणगी द्यावी, अशी विनंती होती. खाली चिटणीसांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी जोडल्या होत्या. ‘आपल्या घरचा पाहुणचार अद्याप विसरलो नाही.’

रूपचंदनं पत्र वाचून दाखवलं. मग धनुबाई म्हणाली, “आते तरी लिख, आम्हीन गरीब शेतस.”

भिलानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं मुलाला विचारलं, “हाऊ पैसा कोनले जास?”

“एखादा गरीबना पोऱ्याले. फी भराले.”

भिलानं बंडीच्या खिशातून त्या साली कापसाचे आलेले पैसे काढले आणि त्यातले दहा रुपये मोजून मुलापुढं ठेवले. धनुबाई रागानं काही बोलेल असं रूपचंदला वाटलं. ती आत गेली, डब्यातून एक रुपया घेऊन आली आणि तो त्या दहांवर ठेवला.

“दहा बरा दिसत नहीत,” ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून पुन्हा आत गेली.

रूपचंदनं मनिऑर्डरीचा फॉर्म भरायला घेतला. खाली मजकुरासाठी चार बोटं जागा होती. तिथं काय लिहू, असं त्यानं विचारलं. भिलानं खाकरून घसा साफ केला. अंगणात कुणी नाही हे एकदा वाकून पाहिलं.

“लिख,” तो म्हणाला. “त्या भांडा आमना नव्हतात. मन्हा पोऱ्या हुशार व्हता आनि मन्हाजोडे पैसा नव्हता. त्या दिन मी खोटं बोलनू.”

एवढं बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. रूपचंदनं मान खाली घालून चार ओळी लिहिल्या. “वाची दखाड,” भिला म्हणाला. रूपचंदनं फॉर्म डोळ्यांपुढं धरला आणि बापानं सांगितलेलं शब्दाला शब्द जुळवून सावकाश वाचून दाखवलं. भिलानं मान हलवली, भिंतीला टेकून बसला आणि बऱ्याच दिवसांनी हलका झाल्यासारखा पाय पसरून त्यानं तंबाखू मळायला घेतली.

रूपचंद फॉर्म घेऊन पोस्टाकडे निघाला. कागदावर त्यानं लिहिलं होतं, ‘अल्पशी देणगी पाठवीत आहे. स्वीकार व्हावा. आपला, भिला लोटन पाटील.’