निरोप व स्वागत समारंभ (एकत्रित)

"साहेब, तिकडे जायचं असेल तर फॉर्म कुठला भरायचा?"

माणूस हा मूलतः बदलीपात्र प्राणी आहे. तो जन्माला येतो ती त्याची पहिली नेमणूक, आणि त्या दिवसापासून तो सोयीच्या ठिकाणी जायची वाट बघत असतो. हे सत्य ज्या खात्याला सगळ्यांच्या आधी उमगलं, त्या खात्याच्या पनवेलमधल्या 'शिक्षक बदली मार्गदर्शन मेळाव्या'त वरचा प्रश्न विचारला गेला. विचारणारी आभा. वय तेरा, इयत्ता सातवी, कुठल्याही संवर्गात बदलीस पात्र नाही.

प्रश्न तसा तिचा नव्हता, पैजेचा होता. तिची आई रमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि कागद तपासायच्या रांगेत उभं राहायला घरातलं दुसरं माणूस लागतं म्हणून आभा दरवर्षी मेळाव्याला यायची. (पहिलं माणूस दुसऱ्या रांगेत असतं.) यंदा प्राची आणि दिपिकाही आल्या होत्या, कारण नंतर एसटी स्टँडसमोर पाणीपुरी ठरली होती. दीड तासात साहेबांना एकोणतीस प्रश्न विचारून झाले. एकोणतिसांचा अर्थ एकच होता: तिकडून इकडे कसं यायचं?

"इकडून तिकडे कसं जायचं, हे कोणीच विचारत नाही," आभा कुजबुजली.

"मग तू विचार," प्राची म्हणाली. "डेअर. विचारलंस तर आठवडाभर माझा डबा तुझा."

"इचार ना," दिपिका म्हणाली. ती जासईची, आणि जासईची माणसं मागून धीर द्यायला पटाईत. "आमी हाव ना मागं. साहेब काय तुला खानार नाय."

प्राचीच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असते. आभाने हात वर केला.

साहेबांचं उत्तर पुढे येईलच. शासकीय उत्तराला थोडा वेळ द्यावा लागतो. तोवर 'तिकडे' म्हणजे कुठे, ते सांगून घेतलेलं बरं.

राज्याच्या नकाशात अगदी वर, जिथे छापणाऱ्याने उत्तर दिशेचा बाण काढलेला असतो, त्या बाणाच्या सावलीत मोहपाणी नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत पहिली ते आठवी मिळून एक्केचाळीस मुलं आहेत. शिक्षकांची मंजूर पदं पाच. त्यांतली भरलेली दोन. त्यांतली हजर दोन, कारण दोघांनाही दुसरीकडे कुठे जाता येत नाही. त्या दोघांतले एक आभाचे बाबा, चारुदत्तसर.

आभा दोन वर्षांची असताना बाबा तिकडे गेले, आणि त्याच वर्षी त्यांनी इकडे येण्यासाठी पहिला अर्ज केला. रकाना क्रमांक नऊ, बदलीचं कारण: 'मुलीच्या शिक्षणाची सोय.' मुलगी तेव्हा खडू खात होती, पण अर्ज वेळेत केलेला बरा. तो धरून दरवर्षी एक असे अकरा अर्ज झाले. एकदा जागा नव्हती. एकदा जागा होती, पण शेवटच्या तारखेला वेबसाइट झोपली. एकदा चक्क आदेश निघाला. पण नियम असा की बदली शिक्षक हजर झाल्याशिवाय जुन्याला सोडायचं नाही, आणि बदली शिक्षक घाटाच्या पायथ्यापर्यंत आले, वर बघितलं आणि वैद्यकीय रजेवर गेले. (अद्याप त्याच रजेवर आहेत. प्रकृतीला आराम पडो.)

दरवर्षी एप्रिलमध्ये सगळे म्हणायचे की यंदा मात्र नक्की. मग पनवेलच्या फ्लॅटमध्ये आई कपाटाचा मधला कप्पा रिकामा करायची. तो 'बाबांचा कप्पा'. ऑगस्टपर्यंत तिथे हळूहळू आईच्या साड्या परत यायच्या.

तिकडे मोहपाणीतही तयारी व्हायची. सर यंदा जाणार म्हणून गाव त्यांना निरोप द्यायचं. शाळा समितीचे अध्यक्ष जालमादादा शाल आणायचे, बायका गाणी म्हणायच्या, पोरं रडायची, जेवण व्हायचं. आणि जूनमध्ये सर पुन्हा हजर. मग स्वागत, पुन्हा नारळ, पुन्हा जेवण. पाच वर्षं असं चालल्यावर समितीने ठराव केला (उपस्थिती त्रेसष्ट, समितीचे सदस्य तेरा) की दोन वेळा चुली मांडण्यापेक्षा दोन्ही एकाच दिवशी उरकावं. तेव्हापासून सकाळी निरोप आणि संध्याकाळी स्वागत. मधल्या वेळात सर शाळेमागच्या चिंचेखाली डुलकी काढतात. प्रशासनात अशी काटकसर क्वचितच बघायला मिळते.

अकरा वर्षांत बाबा घरी किती दिवस होते, याची नोंद आभाने एका वहीत ठेवली आहे. एकूण सातशे चार दिवस. त्यांतले सत्त्याण्णव प्रवासात गेले. बावन्न दिवस बाबा घरी असून झोपलेले होते. उरलेल्या वेळी फोन. मोहपाणीत रेंज फक्त एका दगडावर येते, आणि त्या दगडावर बुधवारी आणि रविवारी साडेपाच ते सहा सरांचा नंबर असतो. आईचं बोलून झालं की आभाच्या वाट्याला बारा मिनिटं येतात.

आणि या बारातली नऊ मिनिटं बाबा आठवीबद्दल बोलत.

आठवीच्या पोरांनी शाळेच्या अंगणात काठी रोवून सावलीवरून वेळ सांगायला सुरुवात केली. आठवीने डोंगरातल्या एकशे चाळीस झाडांची नावं तिथल्या पावरी बोलीत आणि मराठीत लिहून काढली. आठवीतल्या एका मुलीने बाबांचंच गणित फळ्यावर चुकीचं ठरवलं, आणि वर सांगितलं, "सर, बसा, मी दाखवते." हे सांगताना बाबा इतके हसायचे की दगडावरून खाली यायचे आणि फोन कट व्हायचा. आभाला त्या मुलीचा राग यायचा. तिने कधी बाबांचं गणित चुकवलं नव्हतं, कारण तिला गणित शिकवायला बाबा कधी दोन आठवड्यांहून जास्त सलग राहिलेच नव्हते. तिला गणित शिकवते पनवेलची एक नामांकित शिकवणी. एका बॅचला साठ मुलं, आणि सर पडद्यावर. (पडद्यावरच्या सरांना बसा म्हणता येत नाही. ते उभेच असतात.)

असो. मेळाव्याकडे वळू.

प्रश्नाआधी कमळाकरसाहेबांनी पडद्यावर 'अवघड क्षेत्राचे निकष' दाखवले होते. सहांपैकी तीन जुळले की गाव अवघड. आभाने तिथेच, बाबांच्या जुन्या अर्जाच्या पाठकोऱ्या झेरॉक्सवर, स्वतःच्या सोसायटीची तपासणी केली.

रस्ता वर्षातले काही महिने बंद: आहे. बाराही महिने. फक्त त्याला बंद न म्हणता ट्रॅफिक म्हणतात.

मोबाइलला रेंज नाही: लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि आईने भाजी आणायला सांगण्यासाठी फोन केला की सर्वत्र.

वन्य प्राण्यांचा उपद्रव: बी विंगखालचे कुत्रे, संख्या नऊ.

पिण्याच्या पाण्याची अडचण: टँकर, दिवसाआड.

"आमच्या शालेसमोर कंटेनरची लाइन लागते," दिपिकाने भर घातली. "रस्ता वलांडायला अर्धा तास. आमी पन अवघड."

सहांपैकी चार जुळले. तरीही पनवेल अवघड नाही. यावरून आभाने जो निष्कर्ष काढला तो शासनाने विनामोबदला वापरावा: अवघड ठरायला जागा पोचायला कठीण असून भागत नाही. तिथे कोणाला पोचायचंच नाही, असं असावं लागतं.

म्हणून प्राचीचा डबा हे निमित्त. प्रश्न विचारला गेला.

साहेबांनी चष्मा काढला. "बाळ, तुला तिकडून इकडे म्हणायचंय ना?"

"नाही साहेब. इकडून तिकडे."

सभागृहातले सव्वातीनशे शिक्षक वळून बघू लागले. साहेब शेजारच्या ऑपरेटरच्या कानाशी वाकले. ऑपरेटरने संगणकात बराच वेळ शोध घेतला.

"तशी तरतूद आहे," साहेब शेवटी म्हणाले. "वापरात नाही."

ती सापडली चौथ्या पानाच्या तळाशी. ऑपरेटरने तिच्यावर क्लिक केलं, तर संगणकाने विचारलं, आपली खात्री आहे का? हो म्हटल्यावर पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा हो म्हटल्यावर त्याने हेल्पलाइनचा नंबर दिला. मग आकडे उघडले. इकडे यायला जागा चार, अर्ज एकोणीसशे. तिकडे जायला जागा सहाशे बारा, अर्ज शून्य.

आधी सगळे हसले, मग टाळ्या झाल्या. जवळजवळ सगळ्यांनी वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत. ती पडद्यावरच्या सहाशे बाराकडे बघत होती.

ऑपरेटरने त्या फॉर्मची एक प्रत छापून आभाला दिली. "ठेव," तो म्हणाला. "आमच्याकडे तरी कोण मागतंय."

पाणीपुरी झाली. आठवडाभर सुकटीची चटणीही झाली. मे महिन्यात बाबा आले, बारावा अर्ज घेऊन. वीस तारखेला यादी लागली. तीत चारुदत्तसरांचं नाव होतं, अनुक्रमांक पाच. जागा चारच होत्या.

त्या दुपारी तिघं जेवायला बसली होती. आमरस होता. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमचा नंबर पहिला लागेल, बघा." बाबा म्हणाले, "हो, पुढच्या वर्षी नक्की." दोघंही हे वाक्य इतकं सवयीने म्हणाली की आभाला ती एखादी प्रार्थनाच वाटली. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. जालमादादा. दगडावर त्यांचा नंबर लागला होता.

"सर," जालमादादांनी विचारलं, "शाल आणायची आहे. निरोप आणि स्वागत दोन्ही धरायचं का?"

"सांगतो," बाबा म्हणाले आणि फोन उलटा ठेवला.

"मी सांगते," आभा म्हणाली. "मी आठवी मोहपाणीला करणार."

आईच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. "वेड लागलंय का? आणि शिक्षणाचं काय?"

"हो ना," बाबा म्हणाले, "शिक्षणाचं काय?"

पुरीचा घास हातात तसाच राहिला. अकरा वर्षं त्या शाळेत शिकवणारा, सावलीवरून वेळ सांगायला लावणारा, स्वतःचं गणित चुकलं म्हणून दगडावरून घसरेपर्यंत हसणारा माणूस आपणच काय बोललो, ते ऐकत बसला.

(हाच प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर लाजू नका. सगळ्यांच्याच मनात येतो. मघाशी मोहपाणीची एक्केचाळीस मुलं मोजली तेव्हा आला होता का, एवढं फक्त आठवून बघा.)

"तिकडे शिकवायला कोण आहे, बाबा?" आभाने विचारलं.

"मी," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"मग झालं तर."

"अगं, पण एवढी वर्षं आम्ही हे सगळं कोणासाठी..." आईने सुरुवात केली.

"माझ्यासाठी. रकाना क्रमांक नऊ. मी वाचलाय." आभाने आमरसाची वाटी बाजूला सारली, कारण शासकीय निवेदन तोंड बरबटलेलं असताना करू नये. "बारा अर्जांत कारण म्हणून माझंच नाव आहे. आता कारणाचीच बदली झाली. आई, हा विनंती अर्ज नाहीये, आदेश आहे. पंधरा जूनला मी तिकडे हजर होणार. बाबा, तुम्ही जालमादादांना कळवा, यंदा निरोप रद्द, नुसतं स्वागत ठेवा. दोन माणसांचं धरा. तिसरं माणूस कधी येईल ते त्यांनी तिलाच विचारावं. आई, तिकडे जायचा फॉर्म मी बाबांच्या कप्प्यात ठेवलाय, तुझ्या साड्या पुन्हा ठेवशील तेव्हा हाताला लागेल. आणि तो संगणक तीनदा विचारतो, खात्री आहे का. तू तिन्ही वेळा हो म्हण."