वरचा डबा

पोरीच्या कामात एकदा तरी आपला हात लागावा, असं मी ठरवलं. लागला. अजून नातेवाईक विचारतात.

लुंबिनी माझी थोरली, नांदेडला कॉम्प्युटर शिकली. वीरभद्र सरांच्या ऑफिसात तिला कामावर घ्यायचं का नाही, ते एका सकाळवर येऊन अडकलं होतं. तिनं प्रोग्रॅम लिहिला होता. लातूरहून निघालेल्या डब्यांच्या ऑर्डरी नांदेडच्या पडद्यावर नीट उमटतात का, ते सर स्वतः बघणार होते. लातूरला माझी खानावळ, क्लासच्या पोरींची हॉस्टेलं माझ्याकडून डबे घेतात. म्हणून इकडून ऑर्डर टाकायला मीच बसले. (माझी चौथी झालीय. चौथीत माझा नंबर तिसरा होता. आम्ही सात जण होतो, हे कुणाला सांगायची गरज नाही.)

आदल्या रविवारी तिनं मला समजावलं होतं.

"आई, हा एक नळ समज. अक्षरं एकामागं एक येतात, मधी भिंत न्हाई. कोणती ऑर्डर कुठं संपली, मशीनला कळत न्हाई. म्हणून आधी आकडा पाठवायचा. पाच म्हटलं की ते पाच अक्षरं उचलतं. त्याच्या पुढं जे येईल, ते नव्या ऑर्डरीचा आकडा धरतं."

एका डब्याला एक अक्षर. पोळीच्या डब्याला प, भाकरीच्याला भ. मी म्हटलं, एवढंच ना, यासाठी चार वर्षं घातली व्हय.

अकरा वाजता फोन लागला. साहेबराव, म्हणजे आमचे हे, कणीक सोडून माझ्या मागं येऊन उभे राहिले. पहिली ऑर्डर बेगमबीच्या हॉस्टेलची, पाच डबे. मी एका चौकोनात पाच टाकलं, दुसऱ्यात अक्षरं टाकली आणि बटण दाबलं. तिकडून सरांचा आवाज आला, पाच डबे दिसले, छान. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली.

दुसरी ऑर्डर पाठवली. तिकडं काहीच नाही. तिसरी पाठवली, तरी नाही. लुंबिनी म्हणाली, परत पाठव. मी परत पाठवली, मग आणखी एकदा, मग चिडून सलग सहा वेळा. पडदा गप्प. मी नेटला शिव्या घातल्या, टॉवरला घातल्या, सर फोनवर आहेत हे विसरून सरांच्या कॉम्प्युटरलाही घातल्या.

लुंबिनीचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, पहिल्या ऑर्डरीत पाच लिहून अक्षरं किती टाकली?"

"पाच."

"नीट आठव."

"पाच. आन् वरचा एक."

आता हे सांगायलाच पाहिजे. बावीस वर्षांत मी पाच म्हटल्यावर पाच डबे कधी पाठवले नाहीत. बेगमबी पाच सांगते, मी सहा देते. सहावा कुण्या पोरीला भूक जास्त लागली तर, नाहीतर लोह्याहून कुणाची आई भेटायला आली तर. तो मोजायचा नसतो. तिनं विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. मोजला की तो विकलेला माल झाला.

मशीनला हे कोण सांगणार? त्यानं पाच उचलले. सहावा भ उरला, तो त्यानं आकडा धरला. मशीनच्या पोटात प्रत्येक अक्षराला नंबर असतो म्हणे. भ चा नंबर दोन हजार तीनशे एकोणपन्नास. म्हणजे ते बिचारं तेवढे डबे यायची वाट बघत बसलं, आणि मी पुढं पाठवलेलं सगळं त्याच एका ऑर्डरीत गिळत राहिलं.

चूक माझी आहे, एवढं म्हणायला माझं तोंड उघडेना. (एरवी ते मिटवायला माणसं लागतात.)

तेवढ्यात लुंबिनीच बोलली. "चूक आईची न्हाई सर, माझी हाय. आलेला आकडा मी खराच धरला. एवढे डबे कोणत्या हॉस्टेलला लागतात, हे माझ्या प्रोग्रॅमनं विचारायला पाहिजे होतं. मोठा आकडा आला की जोडणी तोडून पहिल्यापासून सुरू करायचं. आन् पाठवतानाच आकडा अक्षरांशी जुळवून बघायचा."

सर म्हणाले, मग ते करून सोमवारी या, कागदपत्रं घेऊन.

मी पदराला डोळे पुसले. ही पोरगी शाळेत नेत होती तो डबासुद्धा असाच, हॉस्टेलात कुणाला न लागता परत आलेला वरचा असायचा. जे मी न मोजता देते, ते तिच्या कामात मोजल्याशिवाय पुढं जात नाही. दोघी आपापल्या जागी बरोबर असू, असं मला वाटून राहिलं.

नवीन प्रोग्रॅम तिनं पहिल्यांदा माझ्यावरच तपासला. मी पाच लिहिलं. बोटं ऐकतात व्हय? अक्षरं सहा पडली. पडद्यावर लाल ओळ आली. साहेबरावांनी ती मोठ्यानं वाचली: "आकडा जुळत नाही. पाठवणारी व्यक्ती बदला."

मग त्यांनी त्या ओळीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तो मात्र एकूण एक जणाला अख्खा पोचला.