कांद्याची बुडखी आणि वेनेताची आत्या

दोब्रिन्का आजींनी पातीच्या कांद्याची चिरून उरलेली बुडखी वाटीभर पाण्यात उभी केली आणि आठवड्यात त्यांना हिरवे कोंब फुटले. मग आजींना चटकच लागली. कोबीचा खुंट बशीत, सेलरीचं बूड दह्याच्या डब्यात, लसणाच्या पाकळ्या कान तुटलेल्या कपात. खिडकी मागच्या भिंतीकडे होती, त्यामुळे बल्गेरियातल्या प्लेवेनच्या त्या इमारतीत कुणालाच ही बाग दिसत नसे.

पण एकटी बाई कांदे खाऊन खाऊन किती खाणार? बुडखी कमी पडू लागली. एका सकाळी खालच्या कचऱ्याच्या डब्याशी आजींनी एक जाडजूड बुडखं उचललं, रुमालाला पुसलं आणि खिशात टाकलं. नेमकं ते खालच्या मजल्यावरच्या वेनेतानं जिन्यातून पाहिलं.

अर्ध्या इमारतीला अक्षरं शिकवलेल्या बाईंना ‘उपाशी आहात का’ असं विचारायचं कसं? मात्र मेलेल्या माणसाच्या नावानं वाटलेलं अन्न तिथे कुणी नाकारत नाही. संध्याकाळी वेनेता बटाटा-खिम्याची मुसाका घेऊन दारात उभी.

“घ्या आजी. माझ्या आत्याच्या नावानं वाटतेय.”

“देव तिला क्षमा करो,” आजींनी रीतीप्रमाणे म्हटलं. “कुठली गं आत्या?”

“इव्हांका आत्या.”

“ती तर सकाळी बेकरीत माझ्यापुढे उभी होती.”

“ती वेगळी,” म्हणत वेनेता भराभर जिना उतरली.

तिनं वरच्या मजल्यावरच्या स्पासला सांगितलं. स्पास आजोबांच्या नावानं घेवड्याची उसळ घेऊन आला. दुसऱ्या दिवशी परत आला.

“आजोबा कालही तुझेच होते ना रे?”

“त्यांना भूक फार होती, आजी.”

हळूहळू सगळी इमारतच पूर्वजांना आठवू लागली. आजींच्या फ्रीजचं दार लागेना. त्यातच वेनेतानं न राहवून वार्नाला राहणाऱ्या आजींच्या मुलाला, ग्रोझ्दानला, फोन केला.

“आई, रविवारी येतोय,” तो म्हणाला. “सामान बांध. आता आमच्याकडेच राहायचं.”

आजी खिडकीपाशी मटकन बसल्या. सुनेच्या खिडकीत फक्त सुगंधी मेणबत्त्या असत. तिथे ही बुडखी टिकली नसती.

रविवारी ग्रोझ्दान आला आणि फ्रीज उघडून उभाच राहिला.

“तू कचऱ्यातून वेचून खातेस म्हणे?”

“खात नाही रे, लावते. इकडे ये.” आजींनी त्याला खिडकीशी नेलं. “मुळांना धक्का लावायचा नाही. वर अंगठ्याएवढा पांढरा भाग ठेवायचा. पाणी फक्त मुळांपुरतं, आणि रोज बदलायचं. सगळा कांदा बुडवलास तर कुजतो. लाव बघू एक.”

त्यानं लावला. वाकडा लावला. आजींनी तो काढून पुन्हा त्याच्याच हातात दिला.

“बरं, पण वार्नाचं काय?”

“आधी जेव. मेलेल्यांच्या नावाचं टाकता येत नाही.”

तो दुपारभर जेवत राहिला. आईला हलवायचं बळ त्याच्यात उरलं नाही. संध्याकाळी उरलेलं अन्न दोन फुगलेल्या पिशव्यांत भरून, कठड्याला धरत, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं तो एकटाच जिना उतरला.

वेनेता आणि स्पास इमारतीच्या दारात उभे होते.

“उभंसुद्धा राहवत नाहीये बिचाऱ्याला,” स्पास पुटपुटला.

“आता कळलं,” वेनेतानं डोळे पुसले. “आजी पोटाला चिमटा घेत होत्या, त्या पोराला पोसायला.”

सकाळी आजींनी दार उघडलं तर वेनेता भलंमोठं पातेलं घेऊन उभी.

“हे ग्रोझ्दानला पाठवा, आजी. माझ्या काकांच्या नावानं.”

दुसरं पातेलं धरून तिच्यामागे काका उभे होते.

“देव त्यांना क्षमा करो,” आजी म्हणाल्या, आणि काकांना आत यायला वाट करून दिली.