अण्णांच्या किल्ल्यावर रॉकेट

"यंदा आपल्याकडे दिवाळी नाही, ठाऊक आहे ना?" लीलावतीबाईंनी दारातूनच विचारलं.

"दिवाळी कुठं करतेय? किल्ला करतेय," रत्नप्रभा चिखल तुडवत म्हणाली. "कंदील नाही, पणती नाही, करंजी नाही. ही लढाई आहे, आई. लढाईला सुतक नसतं."

लीलावतीबाई आत वळल्या. मुलगी एकदा अशी हट्टाला पेटली, की बोलण्यात अर्थ नसतो, हे त्या जाणून होत्या. रत्नप्रभेचे वडील, अण्णा, चैत्रात गेले. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातल्या फायलींबरोबर तेही भोपाळला आले होते. इथल्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात दर दिवाळीला ते किल्ला बांधत. कुंपणापलीकडे विश्वासराव गद्रे दुसरा बांधत. गद्रे बांधकाम खात्यात इंजिनिअर. नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी दोन किल्ल्यांत युद्ध होई. स्प्रिंगच्या तोफेतून चिंचोके मारायचे, एकदा यानं, एकदा त्यानं. ज्याचा झेंडा पडेल त्याचा किल्ला पडला. मावळे भोपाळच्या कुंभाराकडचे. त्यानं आयुष्यात मावळा पाहिलेला नसल्यामुळे सगळ्यांना झोकदार नवाबी दाढ्या होत्या. पण अशा सैन्यानिशीही दर वर्षी गद्र्यांचाच झेंडा आधी पडे; अण्णांचा एकदाही पडला नव्हता.

यंदाही तो पडू द्यायचा नाही, एवढंच रत्नप्रभेनं ठरवलं होतं.

संध्याकाळी विश्वासराव आले ते तोफेशिवाय. हातात दुधाची रिकामी बाटली आणि तीन रॉकेटं.

"हे काय, काका?"

"आधुनिक युद्ध! रशियानं परवा चंद्रावर रॉकेट नेऊन आदळलं, वाचलं नाहीस? चिंचोक्यांचे दिवस गेले."

"चंद्र मोठा आहे हो," कुंपणाजवळून त्यांच्या पत्नी शशिकलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला तर साधी खुंटीवर टोपी टाकता येत नाही."

हे मात्र खोटं होतं. तोफेवर विश्वासरावांचा नेम असा होता, की सांगून मावळ्याची दाढी उडवत. रत्नप्रभेला धास्ती होती ती त्या नेमाचीच. रॉकेट म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

"चालेल," ती म्हणाली. "तीन तर तीन. पण तिन्ही मारायची. मधेच माघार नाही."

पहिलं रॉकेट सुटलं, गुलमोहराला वळसा घालून पलीकडच्या सक्सेना साहेबांच्या व्हरांड्यात शिरलं. तिथं हिवाळ्यासाठी काढलेली रजई वाळत होती. साहेब बनियनवरच बाहेर धावले.

"गद्रेजी! ये क्या हो रहा है?"

"युद्ध चल रहा है, साहब!"

"तो हमसे क्यों? हमने क्या किया?"

रजईवर बादली ओतली गेली. साहेब ओली रजई खांद्यावर टाकून कुंपणाशीच उभे राहिले. आता पुढचं काय होतंय ते बघितल्याशिवाय घरात जाणं त्यांना सुरक्षित वाटेना.

रत्नप्रभेनं तोफ डागली. गद्र्यांचा एक पहारेकरी कोसळला.

दुसरं रॉकेट हातभर वर गेलं, तिथं त्याचा विचार बदलला आणि ते मालकाकडे परत फिरलं. विश्वासराव धोतर सावरत पळाले. रॉकेटनं त्यांच्याच किल्ल्याचा बुरूज फोडला आणि शशिकलाबाईंच्या चिवड्याच्या डब्यात जाऊन ते विझलं.

"अहो, शत्रू तिकडे आहे!" शशिकलाबाई ओरडल्या.

"पुरे करा आता," लीलावतीबाई म्हणाल्या.

"हो, पुरेच," विश्वासराव धापा टाकत म्हणाले. "रत्ना, तू जिंकलीस. संपलं."

"असं कसं? तिसरं राहिलंय."

"अगं, जाऊ दे ना."

"ठरलंय, काका. लावा."

विश्वासरावांनी बाटली ठेवली. मग ती हळूच मोकळ्या मैदानाकडे कलती केली.

"किल्ला इकडे आहे, काका."

"वारा बघून लावतोय. तुला काय कळतंय त्यातलं!"

सक्सेना साहेब रजईआड बसले. रॉकेट मैदानाकडे निघालं. सगळ्यांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात ते डावीकडे वळलं, खाली आलं आणि थेट अण्णांच्या किल्ल्यात घुसलं. दरवाजा, पायऱ्या, दाढीवाले मावळे, सगळं उधळलं. झेंडा चिखलात आडवा झाला.



"वाह! क्या निशाना है!" सक्सेना साहेब म्हणाले. त्यांना कोणी दाद दिली नाही.

रत्नप्रभा झेंड्याकडे बघत राहिली. विश्वासरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो पुसून होईना.

"आता सांगा तिला," शशिकलाबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत होते गं. तोफ घेतली तर झेंडा पडणार, मुद्दाम चुकलो तर पोरीला कळणार. यंदा अण्णांचा झेंडा पडता कामा नये, म्हणाले. म्हणून हे खूळ. रॉकेट चुकलं तर कोणाला संशय येणार नाही!"

"तीनदा चुकवायचा प्रयत्न केला, रत्ना," विश्वासराव खालच्या आवाजात म्हणाले. "मेलं चुकतसुद्धा नाही नीट."

रत्नप्रभेनं डोळे पुसले, त्यानं चिखल गालावर आला.

"म्हणजे काका, तुम्ही हरायला आला होतात?"

"हो, बाई."

"आणि ते तुम्हाला जमलं नाही."

"नाही जमलं."

"मग हरलात की! जे करायला आलात त्यात साफ हरलात. झेंडा तुम्ही पाडलेला नाही. तुमचा नेम मैदानावर होता. सगळ्यांनी पाहिलंय."

 विश्वासरावांनी चष्मा चढवला, धोतराचा सोगा खोचला.

"असं म्हणतेस? मग उद्या परत. तोफेनं. आणि सांगून ठेवतो, उद्या मी नेम धरून मारणार."

"मारा," ती म्हणाली आणि चिखलातले मावळे वेचू लागली.