बन्सीकाका आणि एकशे त्रेचाळीस इशारे

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या वहीतील नोंद : इशारे १४३. त्याच क्षणी बन्सीकाका संगणकासमोर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि पडद्याला म्हणाले, "हां बाई, बोला. कुठं चुकलं आमचं?"

बाई म्हणजे कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी आणि उतरवताना शंका काढणारी ही व्यवस्था काकांच्या मते स्त्री असून वयाने व मानाने मोठी आहे. तिचा इशारा बसून ऐकायचा नसतो. ते उभे राहून इशारा मोठ्याने वाचत, दुरुस्ती करत, "झालं बाई" म्हणत आणि मगच बसत. दिवसाकाठी नऊ इशारे निघत. या गतीने सोळा दिवस लागणार होते.

माजलगावच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत यंत्र किती सेकंद चालले ते मोजून फोनवर कळवणारे डबे तयार होतात. काका तंत्रशाळेतून निवृत्त होऊन इथे आले, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून. सी भाषेतील एकच प्रोग्राम डब्यातल्या लहान बोर्डावर, मालकांच्या जुन्या संगणकावर आणि माझ्या लॅपटॉपवरही चालावा, हे काम आम्हा दोघांकडे होते. संख्या छापताना तिचा प्रकार आधी सांगावा लागतो. आम्ही सांगत होतो एक आणि देत होतो दुसराच. 'इंट' नावाच्या प्रकारात माझ्या लॅपटॉपवर दोनशे कोटींहून मोठी संख्या मावते. लहान बोर्डावर फक्त ३२,७६७ पर्यंतची.

"पोरी, आमच्या गावची पायली न् तुमच्या गावची पायली एक नसती," काका सांगत. "माप इचारल्याबिगर धान्य वतू न्हाई."

उपाय एकच : प्रत्येक संख्येचे माप नेमके ठरवायचे आणि तिला त्याच मापाचा छापा लावायचा. तो छापा काका एका बोटाने टंकत आणि अक्षरन् अक्षर उच्चारत, "पी. आर. आय. यू. बत्तीस." मध्ये कोणी बोलले तर पुन्हा पहिल्या पी-पासून. त्यातला 'यू' म्हणजे बिनचिन्हाची, कधीच उणे न होणारी संख्या; उणे होऊ शकते ती चिन्हाची. जगातील सर्व वस्तूंचीही त्यांनी अशीच विभागणी केली होती. "भाकर बिनचिन्हाची. कदी उणे व्हत न्हाई. जावई चिन्हाचा. कवा उणे जाईल, सांगता येत न्हाई."

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत होती आणि 'शून्य इशारे' हे दोन शब्द मला तिथे उच्चारायचे होते. म्हणून गुरुवारी काका चहाला गेलेले असताना मी सर्व संख्यांपुढे 'हिला इंट समज' असा हुकूम एकाच झटक्यात घातला. वेळ : चार मिनिटे. इशारे : ०. लॅपटॉपवरील चाचणी निर्दोष. तलवाड्याकडच्या एका शेतवस्तीवर आमचा डबा चाचणीसाठी लावलेला होता. हा प्रोग्राम भरलेली त्याची नवी चिप मी शुक्रवारी सकाळी कारागिराबरोबर पाठवूनही दिली.

दुपारी काकांनी पडदा पाहिला. "बाईचं आयकलंस, का तोंड दाबलंस?"

"शून्य आहे ना, काका?"

"मेलेलं माणूस बी कुरकुर करत न्हाई."

चिप पाठवल्याचे मी सांगितले नाही.

शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता त्यांच्या फोनवर त्या डब्याचा संदेश आला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. उणे ३२,२३६.

"मायनस मंजी काय? बंद पडलं का काय?" आकड्याला आधी कारण विचारावे, असे मला शिकवणारा हा माणूस तापलेले सोल्डरिंग आयर्न तसेच टाकून दाराकडे निघाला.

"काका, तो डबा आहे तरी कशावर?"

"दादाच्या आक्सिजनच्या मशीनवर. येतीस तर चल, न्हाईतर हो बाजूला."

मोटारसायकलवर मागे बसून मी हिशोब केला. काकांना विचारले; मशीन रोज सकाळी सहाला सुरू होते, रात्री बंद. सव्वातीनपर्यंत ३३,३०० सेकंद. लहान बोर्डाच्या इंटमध्ये ते मावले नाहीत, म्हणून उणे छापले गेले. "मशीन चालू आहे, काका!" मी ओरडले. "चूक माझी आहे!" आणि कारण सांगितले.

"आलं ध्यानात," ते म्हणाले. गाडी मात्र हळू केली नाही.

उरलेले त्यांनी रस्त्यात तुटक तुटक सांगितले. बांधावरून भांडण झाले, त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून थोरल्या भावाशी बोलणे बंद. डबा त्यांनी कार्यशाळेच्या नावाने परस्पर बसवून घेतला होता. दर पंधरा मिनिटांनी येणारा सेकंदांचा आकडा एवढीच भावाची खबर. लाइट गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून. "आन् आकडाच आला न्हाई, तर घास उतरत न्हाई," ते म्हणाले.

वस्तीवर पोचल्यावर काका फाटकाशीच थांबले. "तू जा. बघून सांग."

दादा बाजेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. नाकात नळी, शेजारी मशीन सुरळीत. मी लॅपटॉप उघडला, झालेली चूक सांगितली.

"डबा बन्स्याचाच ना?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसरं कोन कशापायी मोजील माझा दम? बलीव त्याला. उनात उबा हाय येडं."

मी निरोप दिला. काका हलले नाहीत. तेवढ्यात आतून, मध्ये दोनदा श्वास घेत, आवाज आला, "बन्स्या, आत येतो, का नळी काडून मी भाईर येऊ?"

काका आत गेले.

संदेशाच्या ओळीत मी योग्य छापा घातला आणि चिप पुन्हा भरली. निघताना काका म्हणाले, "आकडा आता तुज्या फोनवर येऊ दे. मी हितंच हाय." मी एस. टी.ने परतले.

रविवारी मी कार्यशाळेत एकटी होते. माझा हुकूम काढून टाकल्यावर बाकीचे सगळे इशारे परत आले होते. ते एकेक वाचत होते. सव्वातीनला संदेश आला. मी काकांना फोन लावून आकडा सांगितला.

"बरं," ते म्हणाले. मागून दादा कशावर तरी हसत होते. "आमी जेवायलोत, पोरी. मग बोलतो."

फोन बंद झाला. मी वहीत लिहिले : ३३,३००.