पाच विसा राखणदार

बिरूतात्या शंभर म्हणत नसत. त्यांच्या तोंडी शंभराला पाच विसा. बाजारात वांगी घेताना ही सवय कुणाला खुपली नसती, पण तात्या बारामतीच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते आणि मी तिथंच रिपोर्ट टाइप करायचे. ते मायक्रोस्कोपवर वाकून काचेवरच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजत, कुठल्या जातीच्या किती ते सांगत आणि मी टाइपरायटरवर बोटं ठेवून मनात गुणाकार करत बसे.

"न्यूट्रोफिल?"

"तीन विसा अन् चार."

"तात्या, चौसष्ट म्हणा की."

"मग मी काय म्हणलो?"

तात्या मूळचे इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि कळप विसा-विसानं मोजायची रीत. पुढं मेंढरं गेली आणि तात्या बारामतीला लॅबमधल्या बाटल्या धुवायला आले. बाटल्यांवरून काचांवर गेले, काचांवरून थेट मायक्रोस्कोपवर. शिक्षण आठवी, पण नजर अशी की पुण्याहून दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्यांना स्वतः शिकवून तयार केलं. पेशी मोजणं अवघड जात नाही का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ह्या पळत बी न्हाईत अन् शेजारच्याच्या रानात बी घुसत न्हाईत."

एकदा कामाच्या गर्दीत मी त्यांनी सांगितलं तसंच टाइप केलं, '३ विसा ४'. पेशंट सुप्याचा शेतकरी, तापानं आलेला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्टात परदेशाचा व्हिसा वाचून त्याला विचारलं, कुठल्या देशात निघालात? ज्यानं पुण्यापलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, तो बिचारा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आमच्याकडं हजर, आपल्याला कोण आणि कशापायी धाडतंय ते विचारायला. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि हिशेब सांगितला. त्याला तो लगेच कळला. डॉक्टरांनाच काय ते जमलं नव्हतं.

तात्यांच्या लेखी पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. त्यातली मोनोसाइट ही मोठी, खादाड जात म्हणजे कळपामागची कुत्री. ते त्यांच्याशी बोलत. तापाच्या माणसाची काच लावली की पुटपुटत, "लागा कामाला, झोपलाय काय." पडद्यापलीकडच्या पेशंटला वाटे आपल्यालाच बोलताहेत, आणि तो दचकून उठून उभा राही. मग बाहेर जाऊन त्याला बसवायचं काम माझ्याकडं.

त्यांच्या बायकोचं नाव सुंदराबाई. मूलबाळ नव्हतं, दोघंच. दोन वर्षांपूर्वी सुंदराबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ पुण्याला काढली होती. तेव्हापासून दर महिन्याला तात्या त्यांना लॅबमध्ये आणून रक्त तपासत. त्या स्टुलावर बसत, चोळीची बाही वर सारत आणि मला सांगत, "ताई, दुसऱ्याचा नवरा गजरा आणतो. माझा सुई घेऊन येतो." मग मायक्रोस्कोपकडं बघत विचारत, "हायत का जागेवर?"

"हायत. पाच विसा भरल्या."

मोजायच्याच शंभर म्हटल्यावर पाच विसा भरणार नाहीत तर काय. पण सुंदराबाईंचा चेहरा खुलायचा आणि मी कधी मध्ये बोलले नाही.

एका महिन्यात तात्या काच बघून हरखले. पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या आणि त्यांत काही अगदी कोवळ्या दिसत होत्या. ते बाहेर जाऊन पावशेर पेढे घेऊन आले. "नवी भरती झालीय राखणीला. पोरं अजून कोवळी हायत, पण हायत." सुंदराबाईंची तेव्हा पाठ धरली होती. त्यांनी तसं म्हटलंही. तात्या म्हणाले, "राखण एवढी तगडी असल्यावर पाठीचं काय घिऊन बसलीस? चोळून देतो रातच्याला." परक्या माणसाच्या काचेत असं काही दिसलं की ती गुरुवारी मॅडमसमोर ठेवायची असा तात्यांचा स्वतःचाच नेम होता. ही काच त्यांनी ठेवली नाही. घरच्या कामात मॅडमचा वेळ कशाला, म्हणाले. मीही पेढा खाल्ला.

सात आठवड्यांनी सार्वजनिक नळावर हंडा उचलताना सुंदराबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. त्या पडल्या म्हणून मोडलं नाही, मोडलं म्हणून पडल्या. पुण्याला काढलेल्या हाडांच्या फोटोत दिसलं की पाठीचा कणा, कंबर, मांडी, सगळीकडं आजार पोचला होता.

त्यानंतरच्या गुरुवारी तात्यांनी ती जुनी काच मॅडमसमोर ठेवली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी सावकाश समजावलं. कोवळ्या पेशी सहसा हाडाच्या मगजातून, म्हणजे मज्जेतून, बाहेर येत नाहीत. कॅन्सर मगजात बस्तान मांडतो, तेव्हा त्या अशा बाहेर ढकलल्या जातात. आणि जुनं हाड कुरतडून काढणाऱ्या काही पेशी शरीरात असतातच, त्या तुमच्या मोनोसाइटच्याच भावकीतल्या. कॅन्सर त्यांना कामाला लावतो. त्या हाड खात सुटतात आणि त्याला जागा होते. राखणीतल्या दुसऱ्या काही पेशीही त्यालाच सामील होतात.

तात्या एवढंच म्हणाले, "चटावली."

मॅडम गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, "कळपातलं कुत्रं एकदा मेंढराला चटावलं की धनगराला लवकर उमगत न्हाय, ताई. लांडगा आला तर ते भुकतं. ते सोताच खातंय तवा भुकायचं कुणी?"

सुंदराबाई चार महिने अंथरुणावर होत्या. मी भेटायला गेले की बोलत, हसतही. तात्या आत आले की विचारत, "हायत का जागेवर?" आणि तात्या म्हणत, "हायत." काचेचं तात्यांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सुंदराबाई गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या कामावर आले. मी विचारलं, "न्यूट्रोफिल?" ते म्हणाले, "बासष्ट." मला गुणाकार करावा लागला नाही, आणि मला फार वाईट वाटलं. काचेशी बोलणंही थांबलं. लॅबचं कुलूप उघडायच्या आधी तासभर ते पायरीवर येऊन बसत. दुपारी जेवायला घरी जात नसत. रविवारी लॅब बंद, तर शेजारच्या चहावाल्याकडं बसून बंद दाराकडं बघत राहत, असं चहावाल्यानंच मला सांगितलं.

एका दुपारी पेशंट नव्हते. तात्या फडक्यानं भिंगं पुसत होते. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "तात्या, मी मॅडमना विचारलं. सात आठवडे आधी कळलं असतं तरी सुंदराबाई वाचल्या नसत्या. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"मला बी त्या तसंच म्हणल्या."

त्यांनी भिंग उजेडाकडं धरून पाहिलं आणि पुन्हा पुसायला घेतलं.

"वाचली नसतीच. मला ठावं हाय. पण ताई, ते सात आठवडं पाणी मी भरलं असतं."