नव्या मंजनाचे डोहाळे

औषधाने अपाय झाला, तर दोष कधी द्रव्याचा असतो, कधी ते विकणाऱ्याचा. परंतु अपायाचे मूळ ठाऊक असून जो मौन धरतो, त्याच्या पदरी त्या दोषाचा अंश येतोच. निपाणीच्या नागोजींना हे कळत होते, म्हणूनच हल्ली त्यांना न्याहारी गोड लागत नव्हती.

गेल्या यात्रेत सौंदत्तीच्या डोंगरावर पत्नी अंबुबाईंनी त्यांना देवीचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती. "खोकून खोकून घर डोक्यावर घेताय. आईम्होरं म्हना, तंबाखू खानार न्हाय, वडनार न्हाय." नागोजींनी तसे म्हटले आणि पाळलेही. तंबाखूच्या वखारीत नोकरी करून हे व्रत चालवणे म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून एकादशी करणे होते.

पुढे बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून अंबुबाईंनी 'शुद्ध वनस्पतींचे' दंतमंजन आणले. पहिल्याच सकाळी ते हिरडीला लागले मात्र, जुन्या स्नेह्याने खांद्यावर हात ठेवावा तसे नागोजींना वाटले. बाभळीच्या सालीत भाजक्या तंबाखूची भुकटी मिसळलेली होती. वखारीत मुरलेले नाक फसणे शक्य नव्हते. त्यांनी शपथेचे शब्द आठवून पाहिले. खाणार नाही, ओढणार नाही. घासण्याविषयी देवीपाशी बोलणे झालेच नव्हते. त्या दिवसापासून ते घटका घटका दात घासू लागले.

मग नव्या सूनबाईंची, जयाबाईंची, माहेरची राखुंडी संपली आणि त्यांनीही ते मंजन घेतले. लगेच भोवळ, मळमळ, वांती. दुसऱ्या सकाळीही तेच. अंबुबाईंचा चेहरा उजळला.

"पडून ऱ्हा गं पोरी. आमाला कळतंय सगळं."

"तिला राखुंडीच बरी," नागोजी चाचरत म्हणाले.

"का? मंजनानं काय घोडं मारलंय?"

नागोजी तांब्या उचलून परसात दात घासायला गेले. तोवर सदलग्याला सूनबाईंच्या माहेरी निरोप गेला, गल्लीत ओटीभरणाचे बोलावणे झाले, आणि जयाबाईंचे वडील आण्णाप्पा चिंचा, आवळे व हिरवी साडी घेऊन मुक्कामाला आले. सकाळी त्यांनी कौतुकाने तेच मंजन लावले, आणि थोड्याच वेळात खांबाला मिठी मारून ओकू लागले.

"आता व्याह्यांस्नी बी डोहाळं लागलं म्हनायचं," अंबुबाई चकित होऊन म्हणाल्या.

आत सूनबाई निस्तेज पडल्या होत्या. उशाशी ती साडी होती. संध्याकाळी गल्ली ओटी भरणार आणि पुढे खोटेपणाचा बोल या पोरीला लागणार, हे नागोजींना सोसवेना.

"अगं, त्या मंजनात तंबाखू हाय. मला पयल्याच दिशी कळलंतं."

"आनि भंडारा उचलून रोज घासत बसलाय व्हय?"

"व्हय. चुकलं माझं."

आण्णाप्पांनी कष्टाने मान वर केली. "म्हंजी सवय नसंल त्यो पडतोय. मी पडलो, पोरगी पडली. ह्यास्नी जुनी सवय, ह्ये टिकलं." मग ते अंबुबाईंकडे वळले. "पर आक्का, तुमी बी ह्योच घासताय न्हवं?"

अंबुबाईंनी हळूच पदर दातांवर ओढला. इतक्या दिवसांनी आतून जयाबाईंचे हसू ऐकू आले.

मंजन उकिरड्यावर गेले. पुढच्या यात्रेत पतिपत्नींनी मिळून भंडारा उचलला, 'घासणार नाही' हे शब्द न विसरता. हिरवी साडी पेटीत राहिली. ती नेसण्याचा खरा योग त्या लेकीला लवकर येवो, आणि त्या घरच्यांचे दात व बोल सदैव निर्मळ राहोत.